दुसरं जोडवं

मावशीनं डावा पाय जरासा पुढं केला, धुळीनं पांढरी पडलेली टाच ढेकळावर टेकवली आणि विचारलं, "हे काढून देऊ का? तुझ्या मशीनला दाखवाय?" बोटात चांदीचं जोडवं होतं, तीन वेढ्यांचं, झिजून पातळ झालेलं. उजव्या पायाच्या त्याच बोटावर नुसता फिकट वळ. मी मेटल डिटेक्टरचा हेडफोन एका कानावरून सरकवला, हसलो आणि म्हणालो, "नको मावशी, मशीनला चांदी कळते." मग दीड तास तिच्या रानातून मशीनच्या दांडीच्या टोकाची ती १५ इंची चकती, म्हणजे कॉइल, फिरवली. एक खिळा निघाला, बाटलीची दोन बुचं निघाली. उन्हं चढली तसा हात भरून आला आणि मी सांगून टाकलं, "इथं नाही. असतं तर वाजलं असतं." ती "आसंल" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मंगळवेढ्याहून सोलापूरला गाडीवर परत येताना जोडव्यापेक्षा माझं ते वाक्यच डोक्यात फिरत राहिलं. असतं तर वाजलं असतं. इतक्या ठामपणे मी एरवी बायकोपुढंसुद्धा बोलत नाही.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. मार्चचा पहिला आठवडा होता. ज्वारी उपटून झालेली, कडब्याच्या पेंढ्या बांधून रचलेल्या. कणसं मोडायला बसलेल्या बायकांत ही पण बसली होती आणि संध्याकाळी पाय धुताना बघते तर एक जोडवं नाही. लग्नातलं. काकांना तिनं सांगितलं नव्हतं. काका अंथरुणाला खिळलेले, सगळ्यावर चिडणारे, आणि जोडवं हरवणं म्हणजे काय अर्थ काढतील याची तिला धास्ती. म्हणून चार दिवस ती घरात पायावर लुगडं ओढून वावरत होती. हे तिनं मला रानात सांगितलं, आवाज खाली करून, जणू कडब्याला ऐकू जाईल. मार्चमध्ये काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. काठी घातली तर हातभर आत जाते. असल्या भेगेत जोडवं पडलं तर ते आडवंच पडेल असं थोडंच आहे? उभं, तिरकं, मधेच कुठंतरी अडकलेलं असणार.

माझ्या या छंदाबद्दल लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, आतापर्यंत काय घावलं. दुसरा, आवाज हळू करून, आमच्या जुन्या वाड्यात येतोस का. माझ्या गल्लीतल्या एकानं तर सरळ विचारलं, "पायाळू हायस का बे तू?" पायाळू जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं, ही समजूत आपल्याकडं अजून पुरती गेलेली नाही. मी पायाळू नाही. वाड्यांत जात नाही, भुईकोट किल्ल्याच्या आसपास मशीन पिशवीतून बाहेर काढत नाही. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असं १८७८ चा कायदा सांगतो. दहा रुपये तेव्हाचे, पण अजून तेच चालू आहेत. त्यामुळं मी ओळखीच्यांच्या रानात, त्यांच्या सांगण्यावरून, त्यांची हरवलेली वस्तू शोधतो. अंगठी, किल्ली, वासरानं गिळलंय की पडलंय ते न कळलेलं पैंजण. गुप्तधनवाल्यांना यात काही रस नसतो आणि मला ते बरं वाटतं.

खरं तर या छंदाची सुरुवात गड्ड्यावर, म्हणजे सोलापूरच्या जत्रेत, झाली. सिद्धेश्वराची यात्रा उठली, पाळणे उतरवून ट्रकात चढले, की आम्ही पोरं होम मैदानावर जायचो. जळक्या स्पीकरचं चुंबक, त्याला सुतळी, आणि सुतळी धरून मैदानभर ओढत फिरायचं. वास अजून आठवतो: धूळ, भज्यांचं जळकं तेल, उसाच्या चोयट्या. चुंबकाला खिळे चिकटायचे, बुचं चिकटायची, आणि अधूनमधून चार आणे, आठ आणे. १९९२ साली स्टीलचा छोटा रुपया आला तेव्हा आमची चांदी झाली, कारण तोही चिकटायचा. मशीन घेतल्यावर ही आठवण माझ्यावर उलटली. लोखंड गाळून टाकायची सोय चालू केली आणि रुपयाचं नाणं समोर टाकलं, तर मशीन ढिम्म. त्याच्या लेखी तो खिळाच. हे मशीन बनवणाऱ्यांच्या देशांत बरीचशी नाणी तांबं-निकेलच्या मिश्रणाची. त्यांनी आपला रुपया कशाला डोळ्यापुढं ठेवला असेल?

अप्पा, माझे वडील, जळालेल्या मोटारी भरायचे. सोलापूरच्या पूर्व भागात, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत, आठ बाय दहाच्या दुकानात. लूमची मोटार जळाली की पोरगं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचं. अप्पा जुनी कॉइल छाटून वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचे, फर्म्यावर नवी कॉइल गुंडाळायचे, स्लॉटमध्ये कागद घालून एकेक कॉइल बसवायचे, दोऱ्यानं बांधायचे. मग वॉर्निश. त्या वॉर्निशचा वास आईच्या लुगड्यांनासुद्धा यायचा. शेवटी सिरीजच्या बल्बवर टेस्ट, आणि मोटार नुसती टेबलावर फिरवून बघायची. ती गरगर फिरली की मला वाटायचं, झालं. अप्पा तिच्या अंगावर तळहात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "रिकामी कुणाचीपण फिरती. लूमला लावून बघू." मग त्या पोराबरोबर स्वतः चालत जायचे, मोटार लूमला जोडायची, अर्धा तास चादर विणताना तिच्यावर हात ठेवायचा. गरम होतीय का, घरघरतीय का. मालक वैतागायचे, पैसे घ्या आणि जा म्हणायचे. अप्पा जायचे नाहीत.

आता माझ्या कॉइलचं सांगतो, कारण खरी फजिती तिथली आहे. मशीनसोबत आलेली कॉइल ११ इंची होती. ती पुरेशी चांगली होती हे आज म्हणतो. तेव्हा वाटायचं, मोठी घेतली की खोल ऐकू येईल. नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या रुंदीइतकी खोल सापडते, असा एक ठोकताळा छंदवाल्यांत फिरतो. तो स्वच्छ, भल्या जमिनीचा आहे हे सांगायला सगळे विसरतात. मी १५ इंची मागवली. ती आली तेव्हा घरातल्या पोरांनी तिला परात म्हटलं.

पहिली चाचणी गच्चीवर. कॉइल खाली धरली तर मशीन वेड्यासारखं किंचाळायला लागलं. स्लॅबच्या सळया. मग लाकडी स्टुलावर उभी ठेवून तिच्यासमोरून हातानं वस्तू फिरवायला लागलो, तरी चुरचुर थांबेना. आमच्या तिन्ही बाजूंना लूम. मोटारी, त्यांचे स्टार्टर, वरून जाणाऱ्या तारा. कॉइल म्हणजे एक प्रकारचा कानच. मोठा कान असल्यावर शेजाऱ्यांची भांडणंही जास्त ऐकू येणार. दुपारी लाइट गेली. सगळ्या गल्लीचा खडखडाट एका दमात थांबला आणि हेडफोनमध्ये अशी शांतता पसरली की मला स्वतःचा श्वास ऐकू आला. तेव्हापासून माझ्या चाचण्या लाइट गेल्यावर. वायरमनला मी एकटाच असेन मनातल्या मनात दुवा देणारा. त्या शांततेत हातातली लग्नाची अंगठी काढून बाजूला ठेवली आणि भोकाचा पैसा, चांदीचं एक जुनं नाणं, बायकोची अंगठी, एकेक करून समोरून फिरवली आणि पट्टीनं अंतर मोजलं. चांदीचं नाणं १६ इंचांवरून वाजलं. मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मोटार टेबलावर फिरली होती.

मावशीच्या रानात ती फिरेना, आणि का फिरेना हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आपली काळी माती म्हणजे बेसॉल्टची झीज. त्या दगडात मॅग्नेटाइटचे कण असतात. वरून चुंबक फिरवलं तर त्याला काळी मिशी फुटते. मशीन जमिनीत चुंबकीय लहरी सोडतं आणि परत काय येतं ते ऐकतं. या मातीत वस्तूच्या आधी मातीच उत्तर देते. म्हणून आधी कॉइल वर-खाली हलवून मशीनला जमिनीचा आवाज ऐकवायचा आणि तेवढा वजा कर म्हणून सांगायचं. पण १५ इंची कॉइल एका वेळी घमेलंभर नव्हे, पाटीभर माती ऐकते. तेवढ्यातून वजाबाकी कितीशी नीट होणार? त्यात कॉइलच्या आत वळणं कशी बसवली आहेत यावरही बरंच असतं. एकात एक गोल असलेल्या कॉइलचं क्षेत्र खाली सुळक्यासारखं निमुळतं होत जातं. इंग्रजी डी अक्षरं पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर सरकवल्यासारखी वळणं असली, तर मधल्या रेषेखाली पात्यासारखी पातळ पट्टी मिळते, आणि आपल्यासारख्या मातीत ती पट्टी बरी पडते. माझ्या दोन्ही कॉइल डीवाल्याच होत्या. पण ढेकळांमुळं मोठी परात जमिनीला टेकतच नव्हती. चार इंच वरूनच तरंगत होती. खोलीचा लोभ धरून घेतलेली कॉइल, आणि पहिले चार इंच हवेतच गेले.

हवेतलं अंतर सगळ्यात महाग असतं. लहान वस्तू कॉइलपासून जरा लांब गेली आणि ते अंतर दुप्पट झालं, की परत येणारा आवाज निम्मा नव्हे, जवळजवळ चौसष्टावा हिस्सा उरतो. हे कळल्यावर मी वहीतल्या त्या दोन रेघांकडं बघितलं आणि मला अप्पांचा मोटारीवरचा तळहात आठवला.

या यंत्राच्या जन्मकथेतच एक असाच फसलेला शोध आहे. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठं आहे ते डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाले ग्रॅहम बेल कॉइलचं एक यंत्र घेऊन गेले. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर ते आधी तपासलं होतं, तिथं वाजलं होतं. राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्याशी घोटाळा झाला. गादीत लोखंडी स्प्रिंगा होत्या. शिवाय मुख्य डॉक्टरचा हट्ट होता की गोळी उजव्या अंगाला आहे, तिकडंच शोधा. ती डाव्या बाजूला होती. गारफील्ड सप्टेंबरात गेले. पूर्वी ही गोष्ट मी लोकांना किस्सा म्हणून सांगायचो, स्प्रिंगांवर हशा मिळायचा. आता त्यातले ते सैनिक माझ्या मनात राहतात. बेलनं निदान ज्यांच्या अंगात खरोखर गोळी आहे अशी माणसं शोधून यंत्र तपासलं होतं. आणि मला हरवलेल्या वस्तूची सख्खी जोडी कुणी पाय पुढं करून देत होतं.

एप्रिलमध्ये मी बायकोला म्हणालो, "तुझं एक जोडवं दे जरा." तिनं काढून हातावर ठेवलं, टीव्हीवरची नजरही न हलवता. अक्कलकोट रस्त्याला एका मित्राचं रान आहे. तिथं मी प्लास्टिकचा पाइप जमिनीत तिरका ठोकून ठेवलाय. लाकडी पट्टीच्या टोकाला वस्तू लावायची, पाइपातून सरकवत न्यायची आणि वरून कॉइल फिरवायची, म्हणजे वरची माती न उकरता खोली बदलता येते. आधी चांदीची बंद अंगठी घातली. ११ इंची कॉइलला आठ इंचांपर्यंत स्वच्छ वाजली. मग जोडवं. वजन जवळजवळ तेवढंच, चांदी तीच. चार इंचांवर आवाज फाटायला लागला, पाचवर गेला. मला वाटलं पट्टीवरून निसटलं. बाहेर काढलं, परत घातलं. तेच.

अंगठी बंद असते. मशीनच्या लहरींनी तिच्यात प्रवाह उठतो तो गोल फिरतो, वाट मोकळी असते, म्हणून ती मोठ्यानं उत्तर देते. जोडवं उघडं असतं, बोटावर घट्ट-सैल करता यावं म्हणून टोकं सुटी. प्रवाहाला गोल फिरायला वाटच नाही; तारेच्या जाडीत जेवढं घुटमळता येईल तेवढं घुटमळतो. चिमटीत धरून मी वेढे दाबले, टोकं एकमेकांना भिडली, तेव्हा आवाज सुधारला. सोडले, की परत मेला. पण मला गार करणारी गोष्ट निराळीच होती. मशीनच्या पडद्यावरचा आकडा, ज्यावरून धातू ओळखायचा. चांदी म्हणून मी ज्या वरच्या आकड्यांची वाट बघत होतो त्यांच्या आसपास हे जोडवं नव्हतंच. ते खाली होतं, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या, गोळ्यांच्या पाकिटाच्या रांगेत. आणि मार्चमधल्या त्या दीड तासात असे बारके, तुटके, खालच्या आकड्यांचे आवाज मी किती सोडले होते? सात? दहा? एकदा तर मावशी शेजारी उभी होती आणि तिनं विचारलंही होतं, "आता काय वाजलं?" मी म्हणालो होतो, "कागद."

मे संपता संपता गेलो. बरोबर ६ इंची कॉइल होती, चहाच्या बशीपेक्षा जरा मोठी, ढेकळांमधल्या फटीत उतरणारी. तोवर रानात ट्रॅक्टरनं पलटी नांगर फिरवून झाला होता. मार्चमधल्या भेगा, कणसं मोडायची जागा, पेंढ्या रचलेली जागा, सगळं उलथून तापत पडलेलं. मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी पाणी पिण्याआधीच म्हणालो, "मावशी, ते दुसरं जोडवं दे. दाखवायचंय मशीनला." तिनं पाय पुढं केला. दोन्ही पायांत नवी कोरी जोडवी, तीन वेढ्यांचीच, चकचकीत. "ते दिलं मोडीत," ती म्हणाली. "एक ठेवून काय करू? पाडव्याला गेले बाजारात, मोड दिली, वर थोडं घातलं, जोडी आणली. ह्यांना काय कळलंबी न्हाई." मी उभाच राहिलो. चेहरा उतरलेला तिला दिसला असावा. "बस की," ती म्हणाली. "जोडवं माझं गेलं, झोप तुझी उडाली व्हय?"

तरी मी रानात गेलो. दोन तास त्या बशीनं ढेकळं चाचपली. या वेळी एकही आवाज सोडला नाही, कागदाचा तर नाहीच. कागदच निघाले बहुतेक. बैलाच्या खुराची एक नाल निघाली, कोळप्याच्या फासेचा तुकडा निघाला, आणि गंजाचा डाग पडलेला एक रुपया. तो खिशात घातला. जोडवं निघालं नाही. यावेळी "इथं नाही" म्हणालो नाही, आणि मावशीनंही विचारलं नाही. ती शेंगांची पाटी घेऊन बांधावरच्या लिंबाखाली येऊन बसली होती. ऊन कलतीला लागलेलं, वारा पडलेला. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "ते कानात घालायचं मला दे बघू."

मी हेडफोन तिच्या पदरावरून डोक्यावर बसवला. कॉइल तिच्या पायावरून फिरवली, आणि ती दचकून हसली. "लेकराच्या खेळण्यागत वराडतंय की!" मला एकदम सुचलं. म्हणालो, "मावशी, पायावर माती घाल." तिनं काय, का, असं विचारलं नाही. ओंजळभर काळी माती उचलली, पायाच्या बोटांवर ओतली. मी कॉइल फिरवली. "वाजतंय," ती म्हणाली. आणखी एक ओंजळ. "वाजतंय." वही काढून मी मांडीवर ठेवली, शेंगांच्या टरफलांवर, आणि पट्टी मातीत उभी रोवली. तिसऱ्या ओंजळीला तिनं डोळे मिटले, मान तिरकी केली, गावातल्या कीर्तनाला बसल्यासारखी. "बारीक येतंय. गेलं. न्हाई, हाय." चौथी ओंजळ. पाचवी. आता पाय घोट्यापर्यंत दिसेनासा झाला होता. मी तीनदा फिरवली, हळू, मग आडवी. तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला.

"न्हाई वाजत आता," ती म्हणाली. मग डोळे उघडून मातीच्या ढिगाकडं बघितलं. "म्हंजी पाय न्हाई व्हय माझा हितं?"

मी पट्टीवरचा आकडा लिहीत होतो. वर बघितलं तर ढिगावर मधोमध एक बारीक भेग गेली होती. आत तिनं बोट हलवलं होतं.